काचेवरून फिल्म सोडवणारा हात

शिरसाटकाका, काल मोहन्याच्या विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला मी तुमच्याबद्दल पाच मिनिटं बोलले आणि त्या पाच मिनिटांत एकही खरं वाक्य बोलले नाही. त्रिसरण-पंचशील होऊन गेलं होतं. माणसं सतरंजीवर शांत बसली होती. कुणीतरी माईकवरून म्हणालं, "काकांबरोबर कॉलेजच्या लॅबमध्ये काम केलेल्या डॉक्टर मॅडम ठाण्याहून खास आल्यात, त्यांनी दोन शब्द बोलावेत." मी उठले आणि म्हणाले, कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेचे पक्के. हे शब्द शोकसभेत कुणालाही चालतात, तयार सदऱ्यासारखे, थोडे सैल झाले तरी कुणी तक्रार करत नाही. लोकांनी माना हलवल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या आणि माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघून बोलत होते. 

आता सुरुवात केलीच आहे तर आधीचंही सांगते. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी रडले, अगदी मोठ्याने रडले. आणि रडता रडता मला सुटल्यासारखं वाटलं. आता ते कुणाला सांगावं लागणार नाही, असं मनात आलं. क्षणभरच आलं, पण आलं. माणूस गेल्यावर ज्या बाईला असं सुटल्यासारखं वाटतं, तिने त्याच्या फोटोला फूल वाहायला जाऊच नये. मी मात्र गेले, वर माईकही धरला.

मी तुमच्या लॅबमध्ये आले तेव्हा एमएस्सीला पहिली आलेली होते आणि हाताने काडीचं काम येत नव्हतं. तुम्ही मोहन्याच्या रेयॉन कारखान्यात, सूत काढायच्या स्पिनिंग खात्यात बारा वर्षं काढून कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागलेले. तुम्हाला सगळे नुसतं 'शिरसाट' म्हणायचे. माझे गाइड असलेले सर म्हणायचे ते म्हणायचेच, पण विशीतली पोरंही म्हणायची. पहिले काही महिने मीही म्हणाले. मग एकदा द्रावण करताना त्या वासाने मला गरगरलं. तुम्ही मला धरून व्हरांड्यात आणलंत, बाकावर बसवलंत, कॅन्टीनमधून लिंबूपाणी आणलंत आणि दम दिलात, "मॅडम, आधी खिडकी, मग बाटली. केमिकल काय पळून चाललंय का?" त्या दिवसापासून मी तुम्हाला काका म्हणायला लागले. तुम्ही मला मॅडमच म्हणत राहिलात. मुलीच्या वयाची आहे, नावाने हाक मारा, असं मी सांगितलं होतं, पण एकदाच. दुसऱ्यांदा सांगितलं नाही, कारण खरं तर मला मॅडम आवडत होतं.

मी तेव्हा डोंबिवलीला लागून असलेल्या कोपरला राहायचे. त्यावरून तुम्ही मला किती छळायचात! "डोंबिवलीची माणसं पुस्तकातनं पोहायला शिकतात." मी विचारायचे, आणि तुमच्या मोहन्याची? "आमच्याकडं उल्हास नदी हाय. पडलो की येतं आपोआप." मी ढीगभर शोधनिबंध वाचून यायचे आणि तुम्ही काचेला बोट लावून सांगायचात की आज हवा दमट आहे, फिल्म पांढरी पडणार. पांढरीच पडायची. मग मी दोन दिवस रुसलेली असायचे. काकूंच्या डब्यातली लाल चटणी आली की रुसवा जायचा.

काकूंना कळावं म्हणून इथे आपलं काम काय होतं ते सांगते. तुम्ही समजावलं होतं तसंच सांगते, कारण माझ्यापेक्षा तुम्हीच ते सोपं करून सांगायचात. पीव्हीडीएफ नावाचं एक फ्लोरिनवालं प्लास्टिक असतं. त्याच्या लांबच लांब साखळ्या असतात आणि साखळीभर फ्लोरिनचे अणू लटकलेले असतात. मी हे फळ्यावर काढून दाखवलं तर तुम्ही म्हणालात, "म्हणजे शाळेच्या रांगेतली दप्तरं. एक पोरगं डाव्या खांद्याला घेणार, दुसरं उजव्या, ती तुमची अल्फा. सगळ्यांनी एकाच खांद्याला घेतली की बीटा." अगदी बरोबर. दप्तरं आलटून पालटून असली की त्यांचा जोर आपापसात जिरतो. सगळी एका बाजूला आली आणि अशा साखळ्या शिस्तीत रचून स्फटिक झाले, की त्या फिल्मवर पुढे प्रक्रिया करून ती अशी करता येते की बोटाने दाबली तरी वीज तयार होते. जगभर लोक या बीटाच्या मागे लागलेले आहेत. माझ्या पीएचडीचा विषय होता की मातीचे अतिसूक्ष्म कण, नॅनोकण, त्यात मिसळले तर बीटा वाढतं का. कणांच्या अंगावर विद्युतभार असतो, त्याच्या ओढीने साखळ्या एका बाजूला वळतात, असं मला सिद्ध करायचं होतं.

काम असं चालायचं. पावडर विरघळवायची, त्यात कण मिसळायचे, द्रावण काचेवर ओतायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं आणि उरलेली पातळ फिल्म काचेवरून सोडवायची. हे शेवटचं काम मला कधीच जमलं नाही. माझ्या हातून चिंध्या व्हायच्या. तुम्ही काच गरम असतानाच फडक्यात धरायचात, ब्लेडने कड उचलायचात, दोन बोटांत कोपरा पकडायचात आणि एका दमात ओढायचात. फिल्म अखंड हातात यायची. माझ्या प्रबंधातली एकूण एक फिल्म तुमच्या त्या दोन बोटांतून आली. प्रबंधात मी ओव्हनचं तापमान लिहिलं, कण किती ते लिहिलं, वाळवायला किती तास लागले ते लिहिलं. फिल्म काचेवरून काढली, एवढे तीन शब्द लिहिले. कुणी काढली, कशी काढली, हे लिहायचं असतं असं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे हाताने केलेलं काम मोजमापात धरत नाहीत.

आणि निकाल काय सुंदर येत होते! जितके कण जास्त, तितकं बीटा जास्त. आलेखावर रेघ इतकी सरळ की सर म्हणाले, फ्रेम करून लाव. मी हवेत होते. बाबा हॉस्पिटलमध्ये होते त्या आठवड्यात तुम्ही माझी द्रावणं सांभाळलीत, मला एक फोनही केला नाहीत, आणि मी परत आले तेव्हा अकरा फिल्म कागदात गुंडाळून, नंबर घालून तयार होत्या. त्याचे आभार मी मानले होते का, हे आता आठवतच नाही.

मग तो गुरुवार आला. प्रबंध बांधायला द्यायला काही दिवस राहिले होते. मी तुलनेसाठी एक साधी फिल्म बीटा मोजायच्या यंत्राखाली ठेवली, कणांशिवायची. तिच्यात बीटा नसायला हवं होतं. होतं, आणि तेही भरपूर होतं. मी पुन्हा लावून पाहिलं, तेच आलं. तुम्हाला हाक मारली तर तुम्ही हात पुसत आलात आणि जराही न गडबडता म्हणालात, "ही साधीच हाय मॅडम. काच नीट धुतली नव्हती वाटतं, लय चिकटलेली. जोर लावून ओढली."

"काका, ओढल्याने असं होत नाही. लेबल चुकलंय तुमचं."

"लेबल मी नाय चुकवलं. काचेच्या पाठीवर नंबर कोरलेला असतो, बघा ना. अन् ओढल्यानं का नाय होणार? रेयॉनमधी आम्ही सूत ओढूनच पक्कं करायचो. ओढलं की आतनं सरळ होतं. इथंबी दप्तरं एका बाजूला येत असतील." जरा थांबून तुम्ही पुढे म्हणालात, "मॅडम, मला तर वाटतं, कणवाल्या फिल्मपण तशाच. कण जास्त घातले की काचेला जास्त चिकटतात. मग मी जास्त ओढतो."

 माझी सगळी पीएचडी तुम्ही उभ्या उभ्या चार वाक्यांत उलगडून दाखवली होती. ओढल्याने बीटा येतं हे पुस्तकात होतं, माझ्या स्वतःच्या टिपणांतही होतं. मी ते कारखान्यातल्या यंत्राच्या ओढीबद्दल वाचलं होतं. काच धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाताचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे माझ्या मनाला शिवलं नाही. की शिवलं आणि मी ते झटकलं? तुमच्याशी खोटं बोलून आता काय मिळणार? शिवलं होतं. चार फिल्म घेऊन एका दुपारी तपासता आलं असतं. ती दुपार मी काढली नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटली.

मी सरांकडे गेले आणि म्हणाले, नमुन्यांची अदलाबदल झाली असावी. 'असावी' म्हणाले, म्हणजे खोटंही नको आणि खरंही नको. सर म्हणाले, "झालीच असणार. अशा लोकांवर विसंबून रिसर्च होतो का कधी?" अशा लोकांवर. काका, त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं होतं. तुमच्या डब्यातलं मी चार वर्षं खाल्लं होतं. मी समोरच्या कागदाकडे बघत राहिले. सरांवर ढकलून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, पण ते फक्त बोलले. बोलण्याची वेळ मी आणली होती.

नोंदवहीत लिहायचं ठरलं: नमुन्यांच्या हाताळणीत सहायकाकडून चूक, सदर फिल्म रद्द. खाली तुमची सही हवी होती. वही घेऊन मी स्वतः आले. तुम्ही दोनदा वाचलंत. "चूक नाय झाली पण, मॅडम." मी काय म्हणाले ते तुम्हाला आठवत असेलच, तरी मी लिहिते, म्हणजे पळवाट राहणार नाही. मी लाडात येऊन म्हणाले, "काका, करा ना. नुसती नोंद आहे हो. माझं अडलंय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मी भांडले तरी असते. तुम्ही खिशातून पेन काढलंत आणि सही केलीत.

नुसती नोंद नव्हतीच ती. पुढच्या महिन्यात तुम्हाला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला पाठवलं, ब्युरेट-पिपेट धुवायला आणि मोजून कपाटात ठेवायला. निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथेच राहिलात. माझ्या प्रबंधाच्या आभारांत तुमचं नाव टायपिंग करून देणाऱ्याच्या वर एका ओळीत आलं. पेढे द्यायला आले तेव्हा तुम्ही हातातली ब्युरेट खाली ठेवून पेढा घेतलात आणि म्हणालात, "आता डॉक्टर मॅडम." मी हसले. तुम्हीही हसलात.

मग ठाण्याची नोकरी, वर्तकनगरचं घर, माझे स्वतःचे विद्यार्थी. प्रबंधातून छापून आलेल्या शोधनिबंधावर मी भाषणं दिली. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी आली. ती माझ्यासारखीच, हाताने अडाणी. तिच्याकडूनही फिल्म फाटायच्या, म्हणून तिने युक्ती काढली: काच पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची आणि वाट बघायची. फिल्म आपोआप सुटून वर तरंगायची, ओढायची गरजच नाही. तिचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळेनात, म्हणून ती रडवेली होऊन आली. मी तिला म्हणाले, "तुझी काहीतरी चूक होतेय." वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझाच आवाज ओळखू आला.

त्या दुपारी मी तेच केलं जे तेव्हा करायला हवं होतं. एकाच द्रावणाच्या दोन काचा केल्या. एक पाण्यात सोडली. दुसरी गरम असताना ब्लेडने कड उचलून दोन बोटांत धरून ओढली. माझ्याकडून निम्मीच अखंड आली, पण तेवढी पुरली. ओढलेल्या फिल्ममध्ये बीटा होतं. पाण्यात सुटलेलीत त्याच्या मानाने अगदी थोडं होतं. कण काहीच करत नाहीत असं नाही, थोडं काम ते करतातच. पण माझ्या त्या सरळ रेघेतलं बरंचसं काम तुमच्या बोटांनी केलं होतं.

म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नाव न विचारता ओळखलंत. बाबांची चौकशी केलीत, मुलाची केलीत. मग मी विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही फिल्म नक्की कशी काढायचात?" आणि तुम्ही किती बारकाईने सांगितलंत! काच किती गरम, कुठला कोपरा आधी, कण जास्त असले की मनगट कसं फिरवायचं. इतक्या वर्षांनी एकही तपशील विसरला नव्हतात. सगळं सांगून झाल्यावर तुम्ही थांबलात आणि विचारलंत, "का हो मॅडम?"

मी म्हणाले, "असंच."

तुम्ही म्हणालात, "बरं, बरं," आणि फोन ठेवलात.

त्यानंतर तीन वर्षं होती माझ्याकडे. ठाण्याहून मोहने काही परदेशात नाही. परीक्षा आहेत, मग येऊ. दिवाळी होऊ दे. आधी सगळे प्रयोग पुन्हा करू, पुराव्यासकट जाऊ. तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हा म्हणाले, आजारी माणसाला कशाला त्रास. मी हुशार आहे काका, माझ्याकडे कारणं कधीच संपत नाहीत.

आज सकाळी मात्र गेले. काल सगळ्यांसमोर खोटं बोलल्यावर रात्रभर मला तोंड लपवावंसं वाटत होतं. काकू एकट्याच होत्या, तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्यासमोर बसून पहिल्यापासून सगळं सांगितलं: फिल्म, नोंदवही, सही, सरांचं ते वाक्य, माझं गप्प बसणं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला हाकलून देतील. दोन्हीची मी तयारी केली होती.

काकू म्हणाल्या, "त्यांना म्हाईत होतं."

काय माहीत होतं, मी विचारलं.

"तुमचा फोन आलेला ना, त्या दिवशी लय खुश होते. म्हणले, मॅडमला कळलं बघ. आता त्या येतील. मी म्हणलं, कशाला येतात? तर म्हणले, नाय, येतील, मनाच्या वाईट नायत." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "दवाखान्यातपण कुणी दार लोटलं की बघायचे."

काका, तुम्ही रागावून गेला असतात, शिव्या देऊन गेला असतात, तर मला कुठेतरी उभं राहायला जागा होती. मी येईन म्हणून तुम्ही वाट बघत होतात, ही लाज घेऊन मी कुठे जाऊ?

मी काकूंना म्हणाले की ज्या मासिकात माझा निबंध छापून आला होता त्यांना मी दुरुस्तीचं पत्र पाठवतेय. हाताने ओढल्याने बीटा येतं ही गोष्ट मी लपवली आणि ती दाखवून देणारे शिरसाट होते, हे नावासकट त्यात लिहितेय. काकूंनी विचारलं, "इंग्रजीतच ना?" मी हो म्हणाले.

"मग ते इथं कोण वाचणार?" आता त्यांचा आवाज चढला. "ह्यांनी लॅबमधी कायतरी घोळ केला म्हणून ह्यांना खाली टाकलं, हे सगळ्या मोहन्याला म्हाईत हाय. तुमच्याच कॉलेजातल्या शिपायानं सांगितलेलं. लोक तोंडावर हसायचे. पोरीच्या लग्नाच्या बोलण्यातबी निघालं होतं. हे एक शब्द बोलले नायत कधी. म्हणायचे, सही माझीच हाय ना. काल ते सगळे बसलेले तिथं, ताई. सगळे. अन् तुम्ही काय बोललात? वेळेचे पक्के!"

 मग त्या जरा शांत झाल्या आणि म्हणाल्या, "मराठीत लिहा. आम्हाला समजंल असं. येत्या रविवारी विहारात सगळे जमतात, तिथं येऊन तुम्ही वाचा. दुसऱ्या कुणाला देऊ नका वाचायला."

दुपारी घरी येऊन लिहायला बसले ते हे. तुम्हाला उद्देशून लिहिलंय, कारण तुमच्याशी बोलायची तीन वर्षं माझ्याकडे होती आणि मी ती घालवली. तुम्ही ऐकणार नाही. तुमची माणसं ऐकतील, आणि मी या वेळी पंख्याकडे न बघता त्यांच्याकडे बघून वाचीन. मंडळी, मधलं काही जड गेलं तर सोडून द्या, पण एवढं ऐका: त्या गुरुवारी लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली नव्हती. वसंत शिरसाटांची काही चूक नव्हती. ते बरोबर होते, त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, आणि मला ते तेव्हाच पटलं होतं.